होडी, पाव आणि बँटिंगसाहेबांचा ताळेबंद

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर एकोणिसाव्या शतकात बँटिंग घराण्याची एक पेढी होती. राजा हयात असेपर्यंत त्याच्या वाड्याला खुर्च्या, पलंग, कपाटे पुरवायची आणि राजा गेला की त्याची अंत्ययात्रा नीट पार पाडायची, असा या पेढीचा दुहेरी व्यवसाय. १८२० साली तिसरा जॉर्ज गेला, १८३० साली चौथा जॉर्ज गेला. दोघांच्याही अंत्यविधीची व्यवस्था याच घराण्याने पाहिली. १८५२ मध्ये वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांची अखेरची जबाबदारीही याच पेढीकडे आली. थोरामोठ्यांची शेवटची मापे घेणाऱ्या या घरातले एक गृहस्थ स्वतःच्याच मापापायी हैराण झाले. त्यांचे नाव विल्यम बँटिंग. जन्म १७९६ सालचा.

हे नाव पुढे इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. वजन उतरवण्यासाठी पथ्य पाळणे म्हणजे बँटिंग करणे, असा शब्दप्रयोग विलायतेत घरोघरी रूढ झाला. स्वीडिश भाषेत तर ‘बान्ता’ हे क्रियापद आजही याच अर्थाने चालते. शवपेट्यांच्या व्यवसायातल्या माणसाचे नाव खाण्यापिण्याच्या शिस्तीला मिळावे, ही भाषेची गंमत म्हणायची. मात्र त्या गमतीमागे या गृहस्थांची तीस वर्षांची फरफट आहे.

वजन उतरवायचे तर हातपाय हलवावेत की तोंड आवरावे, हा वाद आपल्या ओळखीचा आहे. सकाळी बागेतल्या बाकावर तो चालतो, लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारताना चालतो आणि दवाखान्याबाहेर नंबर लागेपर्यंतही चालतो. एक पक्ष चालायला सांगतो, दुसरा भात सोडायला सांगतो, आणि दोन्ही पक्षांकडे अमुक इतके किलो उतरलेला कुणी ना कुणी मेहुणा असतोच. या वादातले पहिले गाजलेले साक्षीदार म्हणजे हे बँटिंगसाहेब. ते वैद्य नव्हते, पहिलवान नव्हते, शास्त्रज्ञ तर नव्हतेच. आपल्या शरीराचा हिशेब प्रामाणिकपणे लिहून ठेवणारे एक व्यापारी होते, आणि म्हणूनच त्यांची साक्ष अजून तपासण्याजोगी आहे.

लठ्ठ माणूस दिसला की आपण मनातल्या मनात त्याच्या स्वभावाचा दाखला लिहून मोकळे होतो. खादाड असणार आणि आळशी असणार. बँटिंग यांना हा दाखला लागू पडत नव्हता. त्यांच्या आईवडिलांपैकी कुणीही स्थूल नव्हते. पन्नास वर्षे त्यांनी धंद्यात काढली, आणि हा धंदा असा की त्यात उशीर चालत नाही, चूक चालत नाही, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करण्याची सोय नाही. शिस्त, नेमकेपणा आणि वक्तशीरपणा त्यांच्या अंगात भिनला होता. खाण्यापिण्यातही ते बेताल नव्हते. तरीही तिशी-चाळिशीच्या दरम्यान अंग सुटू लागले, आणि ते सुटतच गेले.

त्यांचे एक जुने स्नेही सर्जन होते. त्यांनी त्या काळचा, आणि खरे तर आजचाही, पहिला सल्ला दिला : कामाला जाण्यापूर्वी अंगमेहनत करा. बँटिंग तेव्हा नदीच्या जवळ राहत होते. त्यांच्याकडे चांगली भक्कम, जड होडी होती. पहाटे उठून तासदोन तास ते वल्ही मारू लागले. थेम्सवरची ती थंड हवा आणि त्या धुक्यात जिद्दीने होडी ओढणारा एक लठ्ठ, नीटनेटका व्यापारी असे ते चित्र आहे. परिणाम झालाच. दंडात बळ आले, अंगात हुशारी आली. पण त्याबरोबर भूकही आली, आणि साधीसुधी नव्हे, खवळलेली. त्या भुकेला पुरे पडता पडता वजन पूर्वीपेक्षा वाढले. शेवटी ज्यांनी होडी धरायला सांगितले त्याच स्नेह्यांनी ती सोडायला सांगितले. पुढे थोड्याच काळात ते स्नेही वारले, आणि बँटिंग आपल्या वजनासह एकटे उरले.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे मला हा प्रसंग खातेवहीच्या भाषेत समजतो. खाल्लेले ते जमा, मेहनतीत गेलेले ते खर्च आणि उरेल ती शिल्लक कमरेभोवती, असा वजनाचा हिशेब सर्रास सांगितला जातो. हिशेब खोटा नाही, पण तो मांडताना एक गोष्ट सुटते. बँकेत एका खात्यातून पैसे काढले म्हणून दुसऱ्या खात्यात आपोआप भरणा होत नाही. शरीरात तो होतो. खर्चाच्या बाजूला मोठा आकडा पडला की भूक जमेच्या बाजूला जाऊन गुपचूप नोंद करून येते. शिवाय पहाटे दमलेला माणूस दुपारी जिना टाळतो, रात्री लवकर आडवा होतो. म्हणजे खर्चही दुसरीकडे वाचवला जातो. आणि मुळात आकडेच विषम आहेत. तासभर बऱ्यापैकी वेगाने चालून साधारण दोन-अडीचशे कॅलरी खर्ची पडतात. त्या परत मिळवायला एक वडापाव पुरतो आणि त्याला पाच मिनिटे लागतात. बँटिंग यांना कॅलरी हा शब्द वापरता येत नव्हता, पण थेम्सवर त्यांना कळले ते हेच होते.

त्यानंतरची वर्षे म्हणजे उपायांची एक लांबलचक यादी आहे. घोड्यावरून रपेट झाली. समुद्राची हवा आणि समुद्रस्नान झाले. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट या गावांचे औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले. बाटल्याच्या बाटल्या औषधे पोटात गेली. तुर्की पद्धतीची वाफेची स्नाने झाली. त्यांनी जेमतेम सहा पौंड उतरले. सहा पेन्सांत दिवस काढण्याचा, म्हणजे जवळजवळ उपासमारीचा प्रयोगही झाला. त्या हलक्या, बेताच्या आहाराने अंगातली ताकद इतकी गेली की गळवे उठली, दोन मोठी काळपुळ्यांसारखी दुखणी झाली, त्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि मग अशक्तपणा भरून काढण्यासाठी जे खायला घातले त्याने वजन पुन्हा वर गेले. एकामागून एक डॉक्टर झाले. बहुतेकांचे म्हणणे असे की वयोमानाप्रमाणे थोडे अंग यायचेच.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी बँटिंग यांची अवस्था अशी होती : उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. जिना चढताना धाप लागे. उतरताना गुडघ्यांना आणि घोट्यांना हिसका बसू नये म्हणून ते पाठमोरे होऊन, एकेक पायरी चाचपडत, उलटे उतरत. बेंबीपाशी अंतर्गळ झाला होता. त्याला पट्टा, गुडघ्यांना पट्ट्या, असा सगळा बांधाबांधीचा जामानिमा. नजर मंदावली होती, ऐकू कमी येत होते. पण या सगळ्यापेक्षा त्यांना जास्त लागे ती लोकांची नजर. सार्वजनिक वाहनात शिरताना आधी बसलेल्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी आठी आणि सभा-समारंभात मागून येणारी कुजबुज त्यांना सहन होईना. त्यांनी अशा ठिकाणी जाणे टाळायला सुरुवात केली. लठ्ठपणाचे दुखणे हाडांत आणि हृदयात असते तसे ते या टाळण्यातही असते, आणि ते कुठल्या तपासणीत दिसत नाही.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये कानाची तक्रार घेऊन ते एका नामांकित कर्णतज्ज्ञाकडे गेले. त्या तज्ज्ञाने कानात डोकावून पाहिले, कान पुसले, बाहेरून औषध लावले. शरीराच्या बाकीच्या तक्रारी काय आहेत हे विचारले नाही, आणि सांगायला अवसरही दिला नाही. मग तो वार्षिक सुट्टीवर निघून गेला. बँटिंग यांनी पुढे या सुट्टीचे फार उपकार मानले. कारण त्यामुळे त्यांना दुसरा डॉक्टर शोधावा लागला, आणि ते सोहो स्क्वेअरमधल्या विल्यम हार्वे यांच्याकडे पोहोचले. हे हार्वे म्हणजे रक्ताभिसरण शोधणारे हार्वे नव्हेत; ते दोनशे वर्षांपूर्वीचे. हे आपले कानाचे सर्जन. पण त्यांनी कानाबरोबर माणूसही पाहिला. ऐकू कमी येण्याचे मूळही या वाढलेल्या चरबीतच आहे, असे त्यांचे निदान झाले.

हार्वे काही वर्षांपूर्वी पॅरिसला जाऊन आले होते. तिथे क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाची मधुमेहावरची व्याख्याने त्यांनी ऐकली होती. यकृत केवळ पित्त तयार करत नाही, तर साखरही तयार करून रक्तात सोडते, हा बर्नार यांचा शोध त्या काळात नवा होता. हार्वे यांनी त्यावरून आपले तर्क लढवले. मधुमेह्याला पिष्टमय आणि गोड पदार्थ वर्ज्य करतात. आणि गुरे पुष्ट करायची तर त्यांना पिष्टमय खाद्यच चारतात. मग माणसाची फाजील चरबी हटवायची तर हेच पदार्थ तोडून पाहायला काय हरकत आहे? तर्क आजच्या कसोट्यांवर ढोबळ होता. अगदी पहिलाही नव्हता; फ्रान्सच्या ब्रिया-सावारॅ या खवय्या न्यायाधीशाने १८२५ सालीच चवीवरच्या आपल्या ग्रंथात पिठूळ पदार्थांवर बोट ठेवले होते. पण आता तो तर्क प्रत्यक्ष करून पाहायला एक काटेकोर रोगी मिळाला होता.

तोपर्यंत बँटिंग यांचा रोजचा आहार काय होता? सकाळी दूधपाव, किंवा भरपूर दूधसाखर घातलेला मोठा पेलाभर चहा आणि लोण्यात माखलेला टोस्ट. दुपारी मांस, बिअर, पाव आणि पेस्ट्री. पाव त्यांच्या विशेष आवडीचा. संध्याकाळी पुन्हा सकाळसारखेच. रात्री फळांचा गोड टार्ट नाहीतर दूधपाव. हार्वे यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा या सहा गोष्टींवर काट मारली. त्याऐवजी दिवसातून तीन वेळा मांस किंवा मासे, तेही औंसात मोजून, डुकराचे मांस नको, सामन मासा नको, बटाटा सोडून कुठलीही भाजी, थोडी फळे, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, आणि औंसभर कोरडा टोस्ट. वर दिवसाकाठी तीन ते पाच पेले मद्य आणि झोपण्यापूर्वी हवा तर आणखी एक. हे शेवटचे कलम आजचा कुठलाही डॉक्टर लिहून देणार नाही, आणि वाचकांनीही ते सोयीस्करपणे उचलू नये.

यापुढचा भाग एखाद्या जमाखर्चासारखा आहे, आणि बँटिंग यांनी तो तसाच लिहून ठेवला आहे. २६ ऑगस्ट १८६२ : २०२ पौंड. ७ सप्टेंबर : २००. २७ सप्टेंबर : १९७. नाताळच्या आदल्या दिवशी : १८४. एप्रिलअखेर : १७०. आणि पुढच्या वर्षी २६ ऑगस्टला, बरोबर एका वर्षाने : १५६. एकूण उतरले ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो. कंबरेचा घेर कमी झाला सव्वाबारा इंच. आठवड्याला पौंडापेक्षाही थोडे कमीच. आज महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्या जाहिरातींसमोर ही गती मामुली वाटेल. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती हीच संथ गती. शिवाय त्यांना उपाशी राहावे लागले नाही. थेम्सवर भुकेने त्यांचा पराभव केला होता. या वेळी भूकच शांत राहिली, आणि म्हणून वर्षभर टिकाव लागला.

आपल्याला जे साधले ते इतरांनाही कळावे म्हणून १८६३ मध्ये त्यांनी लठ्ठपणाविषयी जनतेला उद्देशून लिहिलेले पत्र एका छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापले. पहिल्या आवृत्त्या पदरचे पैसे खर्चून फुकट वाटल्या. डॉक्टरची जाहिरात वाटू नये म्हणून सुरुवातीला हार्वे यांचे नाव घातले नव्हते. पुढच्या आवृत्त्यांत ते घातले. मागणी इतकी वाढली की पुस्तिका विक्रीस ठेवावी लागली, तिचे भाषांतर झाले आणि काही वर्षांत साठ हजारांवर प्रती खपल्या. मिळकत त्यांनी रुग्णालये आणि धर्मादाय संस्थांना देऊन टाकली. उतारवयात लोकांच्या पत्रांना उत्तरे लिहिणे हा त्यांचा एक उद्योगच होऊन बसला.

वैद्यकीय जगताला हे रुचले नाही. १८६४ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची कडक हजेरी घेतली, शवपेट्यांचा व्यापारी औषधोपचारात नाक खुपसतो, हा सूर होता. पण आक्षेपांत तथ्यही होते, हे नाकारता येणार नाही. एका माणसाला जे लागू पडले ते सर्वांना पडेल कशावरून? इतके मांस दीर्घकाळ खाल्ल्याने काय होईल? जर्मनीत नीमायर यांनी या पथ्यातली चरबी कमी केली, तर १८८० च्या दशकात एब्श्टाइन यांनी उलट चरबी वाढवली, आणि पिष्ट वाईट की स्निग्ध वाईट हा वाद जुंपला. तो १९७२ साली अमेरिकेत ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने पुन्हा पेटवला आणि अलीकडे दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स यांनी तर बँटिंग हेच नाव घेऊन चळवळ उभारली.

या वादाचा निकाल काय? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६०९ माणसांचे दोन गट केले. एकाने वर्षभर पिष्टमय पदार्थ कमी केले, दुसऱ्याने स्निग्ध. दोघांनाही साखर, मैदा, डबाबंद पदार्थ टाळून भाज्या भरपूर खायला सांगितले होते. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलो उतरले, दुसऱ्याचे ५.३ किलो; म्हणजे फरक नगण्य. पण प्रत्येक गटात कुणाचे वीस-पंचवीस किलो उतरले, तर कुणाचे उलट वाढले. बँटिंग यांना जे साधले ते खरे होते, पण तो एकमेव रस्ता नव्हता. ज्या पथ्यावर माणूस उपाशी न राहता वर्ष काढू शकतो ते त्याचे पथ्य, इतकेच यातून निघते.

महाराष्ट्राने हा वाद अगदी जवळून पाहिला आहे. इन्शुलिन किती वेळा स्रवते याकडे लक्ष वेधून दिवसातून दोनदाच जेवा, असे डॉ. श्रीकांत जिचकार सांगत. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार गावोगावी नेला. त्याच वेळी ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा आणि आजीच्या स्वयंपाकघराकडे वळण्याचा आग्रह धरत होत्या. घराघरांत पक्ष पडले. योगायोग असा की ज्या इन्शुलिनभोवती यातली निम्मी चर्चा फिरते, ते १९२१ साली शोधणाऱ्यांत फ्रेडरिक बँटिंग होते, आणि ते आपल्या विल्यम बँटिंग यांचे दूरचे नातलग मानले जातात.

मग होडीचे काय? ती फुकटच गेली का? इथे बँटिंग यांच्या साक्षीत एक जागा रिकामी राहते, आणि ती भरून काढली त्यांच्याच शहरातल्या बसवाहकांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढून-उतरून. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि गंमत म्हणजे तो ‘लॅन्सेट’मध्येच झाला : वाहकांना हृदयविकाराचा झटका चालकांपेक्षा बराच कमी येत होता आणि आला तरी तो कमी घातक ठरत होता. शंका निघाली की मुळात लठ्ठ माणसेच चालक होत असतील. मॉरिस यांच्या गटाने गणवेशाच्या विजारींची कंबरमापे काढून तीही पडताळली. चालकांची कंबर मोठी होती हे खरे, पण वाहकांच्या हृदयाचे सुदैव निव्वळ बारीक कंबरेने समजावून देता येत नव्हते. पायऱ्यांचा लाभ पायऱ्यांचाच होता.

म्हणजे वजन आणि आरोग्य ही दोन वेगवेगळी खाती आहेत. आपण ती एकच समजतो, म्हणून वाद संपत नाही. वजनाच्या खात्यावर आहाराचा हात मोठा आहे, व्यायामाचा लहान. उतरलेले वजन टिकवायला मात्र व्यायामाची मदत होते. हृदयाच्या, साखरेच्या, झोपेच्या आणि मनाच्या खात्यात व्यायाम रोज भरणा करत असतो, काटा हलो वा न हलो. महिनाभर चालून किलोभरही उतरले नाही म्हणून जो चालणे सोडतो, तो एका खात्यात व्याज दिसत नाही म्हणून दुसरेच खाते बंद करून येतो. बँटिंग यांनी होडी सोडली तेव्हा काट्याच्या दृष्टीने त्यांचे काही बिघडले नाही. पण त्या पहाटेंनी दंडात आणलेले बळ खरे होते, आणि ते कुठल्या रकान्यात मांडावे हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र बँटिंग यांचे किंवा कुणाचेही पथ्य डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नये, हे सांगायलाच हवे.

१६ मार्च १८७८ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी बँटिंग लंडनमध्ये वारले. त्या शतकाच्या मानाने ते दीर्घायुष्यच. सहासष्टाव्या वर्षी ज्याला सगळ्यांनी वयोमान म्हणून सोडून दिले होते, त्या माणसाने पुढची पंधरा वर्षे हिंडत-फिरत काढली. त्याचे श्रेय पाव सोडण्याला किती आणि दैवाला किती, हे कोण सांगणार? एका माणसाच्या आयुष्याचा ताळेबंद दोन्ही बाजू जुळून कधीच येत नाही. पण त्यांनी स्वतः नोंदवलेल्या फायद्यांत एक अगदी साधी बाब आहे. कान सुधारले, पट्ट्या सुटल्या, त्याच यादीत त्यांनी हेही लिहून ठेवले आहे की आता जिना चारचौघांसारखा उतरता येतो. पाठमोरे व्हावे लागत नाही.